व्हर्च्युअल असिस्टंटचा रेट: पगाराला तासांनी भागू नका



व्हिडिओत मी फळ्यावर दोन आकडे लिहिले होते, १०६ आणि ४१५. एकाच बाईच्या एका तासाची ही दोन उत्तरं. आकडे तुम्ही टिपून घेतले असतील, पण एकावरून दुसऱ्यावर कसं पोहोचलो ते घाईत झालं. म्हणून आज कागद-पेन घेऊन सावकाश बसू.

आधी काम कोणतं ते बघू. व्हर्च्युअल असिस्टंट, म्हणजे आपल्या भाषेत व्हीए, दुसऱ्याच्या ऑफिसातलं काम स्वतःच्या घरून करतो. अपॉइंटमेंट लावणं, ईमेलला उत्तरं देणं, बिलं काढणं, एक्सेलच्या याद्या, इन्स्टाच्या पोस्ट, उधारीची आठवण करून देणारे फोन. आपल्याकडे हे काल-परवा आलेलं नाही. अमेरिकेतल्या ए. जे. जेकब्स या लेखकाने २००५ मध्ये 'एस्क्वायर' मासिकात एक गमतीशीर लेख लिहिला होता. आपली घरची-दारची कामं त्याने बंगळुरूच्या दोन कंपन्यांकडून करून घेतली होती. २००७ मध्ये टिम फेरिसच्या 'द फोर-आवर वर्कवीक' या पुस्तकाने ही कल्पना जगभर नेली. फरक एवढाच की तेव्हा मधे कंपनी होती. रेट ती ठरवायची, काम करणाऱ्याला पगार मिळायचा. आज मुलुंडच्या वन बीएचकेमध्ये बसून तुम्ही थेट गिऱ्हाइकाशी बोलता. म्हणजे कंपनीने जे जे हिशेबात धरलं होतं ते सगळं आता तुम्हाला धरायचं आहे, आणि गोची नेमकी तिथेच होते.

उदाहरणाला मुलुंडची एक ताई धरू. बॅक-ऑफिसची नोकरी, हातात २२,००० रुपये. मूल लहान आहे आणि लोकलच्या गर्दीला ती कंटाळली आहे, म्हणून नोकरी सोडून घरून काम सुरू करते. पहिलं गिऱ्हाईक विचारतं, "तासाला किती?" ती मनातल्या मनात भागाकार करते: महिन्याचे २६ दिवस, रोज ८ तास, झाले २०८ तास. २२,००० भागिले २०८, म्हणजे १०६ रुपये. वर लाजून सांगते, "शंभर चालतील."

या शंभरात ती किती आणि काय काय फुकट देऊन बसली ते बघा.

नोकरीत असताना कंपनी तिच्या नावाने पीएफचा आपला हिस्सा भरत होती. तो १,८०० धरू. दिवाळीला एक पगार बोनस मिळायचा, तो बारा महिन्यांत वाटला तर महिन्याला साधारण १,८००. कंपनीचा मेडिक्लेम होता, आता स्वतः काढायचा आहे, महिन्याला १,००० बाजूला ठेवू. झाले ४,६००. हे पैसे कधी हातात आले नव्हते, म्हणून ते होते हेच कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता धंद्याचा खर्च. इंटरनेट आणि मोबाइल मिळून १,०००. दिवसभर पंखा-लाइट-लॅपटॉप, वाढीव वीज ५००. लॅपटॉप ४५,००० चा आणि तीन वर्षं चालेल असं धरलं तर महिन्याला १,२५०. कॅनव्हा, ईमेल, क्लाउडची जागा वगैरे ९००. सीएची फी आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर, जो स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला वर्षाला २,५०० असतो, हे दोन्ही मिळून महिन्याला ५००. एकूण ४,१५०.

घरात २२,००० द्यायचे, नोकरीतले न दिसणारे ४,६००, खर्च ४,१५०. बेरीज ३०,७५०. यावर दहा टक्के वाईट महिन्यांसाठी ठेवा, कारण एखादं गिऱ्हाईक सोडून जाणार हे नक्की आहे, फक्त कोणत्या महिन्यात ते माहीत नाही. ३३,८२५ होतात, आपण सरळ ३४,००० धरू. नोकरीच्या २२,००० इतकंच जगायचं असेल तर धंद्यात ३४,००० यायला हवेत. यात चैनीचा एक रुपया नाही.

ही झाली वरची बाजू. पण रेट बिघडतो तो खालच्या बाजूमुळे, म्हणजे तासांमुळे.

माझं बोरिवलीला गिफ्ट आणि स्टेशनरीचं दुकान आहे. शटर सकाळी दहाला वर जातं आणि रात्री साडेनऊला खाली येतं. पण गल्ला भरतो तो संध्याकाळी सहा ते नऊ. दुपारी दोन ते चार मी आणि माझा पंखा, दोघंच. गाळ्याचं भाडं मात्र साडेअकरा तासांचं लागतं. त्यामुळे वस्तूवर मार्जिन ठेवताना मी "शटर किती तास उघडं" हे बघत नाही, "विक्री किती तास" हे बघते. व्हीएचंही तसंच आहे. तुम्ही लॅपटॉपसमोर किती तास बसता हा एक आकडा आणि त्यातल्या किती तासांचे पैसे कुणीतरी देतं हा वेगळा आकडा.

वर्षाचे ५२ आठवडे. गणपती, दिवाळी, मे महिन्यातलं गाव, मुलाचा ताप, स्वतःचा ताप, मिळून ५ आठवडे काढा. उरले ४७. आठवड्याला ५ दिवस, दिवसाला ७ तास. झाले १,६४५ तास. आता यातून नवीन गिऱ्हाईक शोधणं, न मिळालेल्या कामांची कोटेशन बनवणं, बिलं पाठवणं, पेमेंटच्या मागे लागणं, नवीन सॉफ्टवेअर शिकणं, हे सगळं वजा करा. माझ्या मते पहिल्या वर्षात शंभरातले साठ तास विकले गेले तरी पुष्कळ झालं. १,६४५ चे साठ टक्के म्हणजे ९८७. महिन्याला साधारण ८२ तास.

३४,००० भागिले ८२. म्हणजे ४१५ रुपये.

म्हणजे शंभर रुपये तासाने काम घेतलं आणि ८२ तास विकले तर हातात ८,२०० येतील. मग ती काय करते? तास वाढवते. सकाळी मुलाला शाळेत सोडण्याआधी, रात्री जेवणं झाल्यावर, रविवारी. सहा महिन्यांत घरचे म्हणतात, "यापेक्षा नोकरी बरी होती." आणि त्यांचं चुकत नाही. चांगलं काम येणाऱ्या कितीतरी बायका या ठिकाणी सोडून देतात. काम येत नाही म्हणून नाही, पहिला भागाकार चुकला म्हणून.

आता तुमच्या मनातला प्रश्न. घाटकोपरचा व्यापारी तासाला ४१५ देईल? तो सरळ म्हणेल, "अहो, पंधरा हजारांत मला पूर्णवेळ मुलगी मिळते." बरोबर आहे त्याचं, मिळते. म्हणून ४१५ हा आकडा त्याला सांगायचाच नाही. तो तुमच्या वहीतला आकडा आहे. गिऱ्हाइकाला तास नाही, काम विकायचं.

हे आपल्याकडे सगळ्यात चांगलं कुणाला जमतं सांगू? घरकाम करणाऱ्या मावशींना. मुंबईत कुठलीही मावशी तासाचा रेट सांगत नाही. ती आधी विचारते, "माणसं किती? भांडी एक वेळ की दोन वेळ? कपडे मशीनला की हाताने? केर-लादी किती खोल्यांची?" मग प्रत्येक कामाचा वेगळा आकडा सांगते आणि महिन्याचा एक रेट ठरतो. सासू-सासरे गावाहून महिनाभर राहायला आले की ती दुसऱ्याच दिवशी म्हणते, "ताई, माणसं वाढली." दिवाळीची साफसफाई वेगळी. महिन्याच्या सुट्ट्या आधीच ठरलेल्या. आणि ती भराभर काम करून चाळीस मिनिटांत निघाली तरी पैसे कुणी कापत नाही, कारण सौदा मिनिटांचा नव्हताच. आपण बीबीए केलं, प्राइसिंगचा पेपर दिला, पण हा धडा पुस्तकापेक्षा स्वयंपाकघराच्या दारात जास्त नीट समजतो.

तर याच पद्धतीने एक पॅकेज बांधू. बोरिवलीतलं एक फिजिओथेरपी क्लिनिक समजा. डॉक्टर स्वतः फोन उचलतात, पेशंट वेळ विसरतात. तुम्ही काय काय करणार ते मोजता येईल अशा भाषेत लिहा. महिन्याला १५० अपॉइंटमेंटची आठवण, प्रत्येकी तीन मिनिटं, साडेसात तास. रोज वीस मिनिटं मिस्ड कॉलला उलटे फोन, २४ दिवस, आठ तास. महिन्याला आठ पोस्ट, प्रत्येकी चाळीस मिनिटं, सव्वापाच तास. महिनाअखेरची येणी-जमा यादी, तीन तास. डॉक्टरांशी बोलणं, सूचना घेणं, दीड तास. साधारण पंचवीस तास झाले. पंचवीस गुणिले ४१५, १०,३७५. तुम्ही सांगायचं: महिन्याला १०,५००.

डॉक्टरांना हा आकडा जड वाटेल का? त्यांच्या बाजूने हिशेब करून बघा. एका सेशनचे ६०० धरले आणि आठवण केल्यामुळे महिन्यात वीस पेशंट चुकायचे वाचले, तर १२,००० तिथेच आले. शिवाय पूर्णवेळ मुलगी ठेवली तर पगाराबरोबर टेबल-खुर्ची, कॉम्प्युटर आणि बोनसही आलाच. ज्यांच्याकडे दिवसाला चारच पेशंट येतात त्यांना तुमचं पॅकेज परवडणार नाही हेही खरं. त्यांच्यासाठी रेट पाडू नका. ते सध्या तुमचं गिऱ्हाईक नाही, एवढंच.

अशी तीन गिऱ्हाइकं म्हणजे ३१,५००. उरलेलं एखादं सुटं काम. महिना निघाला.

वरची तीन मिनिटं, वीस मिनिटं मी कुठून आणली? मोजून. तुम्हीही दोन आठवडे मोजा. मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि वहीत लिहा. अंदाजाने लिहाल तर नेहमी कमीच लिहाल.

पॅकेजबरोबर तीन वाक्यं लेखी जायलाच हवीत, व्हॉट्सअ‍ॅपवर गेली तरी चालेल. कामाची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, सोमवार ते शुक्रवार किंवा जे ठरेल ते. ठरलेल्यापेक्षा जास्त काम झालं तर तासाला ५००, आणि कमीत कमी पंधरा मिनिटांचं बिल. या महिन्यात न दिलेलं काम पुढच्या महिन्यात जमा होत नाही. दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण "फक्त दोन मिनिटांचं काम आहे" हे वाक्य दिवसातून सहा वेळा येतं. भांडायची गरज नाही. "हो सर, करते, हे वरच्या कामात धरते" एवढंच म्हणायचं. निम्मी कामं तिथेच रद्द होतात.

गिऱ्हाइकं निवडताना आणखी एक गोष्ट बघा, जी रेटच्या चर्चेत कुणी बोलत नाही. मासिक जीएसटी भरणाऱ्या व्यापाऱ्याला जीएसटीआर-१ महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि ३बी २० तारखेपर्यंत भरावा लागतो. म्हणजे त्याच्याकडचं बिलं गोळा करणं, पार्ट्यांना फोन करणं, सगळं १ ते २० तारखेत येणार. तुम्ही तिन्ही गिऱ्हाइकं घाटकोपरचे व्यापारीच घेतलेत तर पहिले वीस दिवस जेवायला वेळ नाही आणि शेवटचे दहा दिवस माश्या मारायच्या. एक व्यापारी, एक क्लिनिक, एक क्लासवाले असं मिश्रण ठेवा. क्लासवाल्यांची धावपळ निकाल आणि प्रवेशाच्या दिवसांत असते, क्लिनिकची बारा महिने सारखी. अंधेरीच्या प्रॉडक्शन हाउसची कामं पैशाला चांगली असतात, पण रात्री साडेअकराला फोन येतो, तेव्हा रात्रीचा दीडपट रेट पहिल्या दिवशीच सांगा.

आता डॉलर. "मॅडम, बाहेरचे क्लायंट सहा डॉलर देतात" हे सगळ्यांना मोहात पाडतं. हिशेब सोपा जावा म्हणून डॉलर ८५ रुपये धरू. सहा डॉलरचे ५१० झाले. फायव्हरवर विकलं तर विकणाऱ्याच्या कमाईतले वीस टक्के फायव्हर कापतं. उरले ४०८. पैसे भारतात आणताना बदलाचे आणि बँकेचे मिळून तीन टक्के धरा. हातात ३९६. म्हणजे आपल्या ४१५ च्याही खाली. त्यात न्यूयॉर्कला दुपारचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा. बाहेरचं काम घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण तिथे आठ-नऊ डॉलरच्या खाली उतरलात तर जागरण फुकट गेलं. शिवाय तिथे तुमची स्पर्धा फिलिपिन्सच्या मुलींशी आहे, त्या या कामात मुरलेल्या आहेत. याउलट मराठी, हिंदी आणि थोडं गुजराती बोलून घाटकोपरच्या पार्टीकडून गोड शब्दांत उधारी काढणं मनिलात बसून जमणार नाही. त्या कौशल्याला आपण स्वतःच किंमत देत नाही.

पैसे ठरले, पण आले पाहिजेत. महिन्याचं पॅकेज असेल तर बिल १ तारखेला, आगाऊ. शाळेची फी, केबल, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं आपण आधी भरतो, मग यात लाजायचं काय? पूर्ण आगाऊ नाही म्हणाले तर अर्धे आधी, अर्धे १५ तारखेला. त्याखाली नाही.

उद्यम नोंदणी करून ठेवा. सरकारी पोर्टलवर ती मोफत होते, पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर बंद करा. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. तक्रारही ऑनलाइन करता येते. माझ्यासारख्या दुकानदाराला, म्हणजे फक्त खरेदी-विक्री करणाऱ्याला, हा फायदा मिळत नाही. तुम्ही सेवा देता, तुम्हाला मिळतो. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली आहे: या मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत धंद्याला उत्पन्नातून वजा करता येत नाही. म्हणून कंपन्यांचे सीएच आता मार्चमध्ये अशी बिलं शोधत बसतात. बिलावर उद्यम नंबर छापा, त्याचा एवढा उपयोग आहे. अंदाजी नफ्यावर कर भरणारा कोपऱ्यावरचा दुकानदार मात्र याने घाबरणार नाही, त्याच्याकडून आगाऊच घ्या.

जीएसटीची भीती बाळगू नका. फक्त सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात साधारणपणे नोंदणी सक्तीची नाही. कंपनी गिऱ्हाईक असेल आणि त्याने टीडीएस कापला तर ते पैसे बुडाले असं समजून रेटमध्ये वाढवू नका. आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनसमोर ते दिसतात आणि रिटर्न भरून त्यांचा हिशेब मिळतो. पण ती रक्कम महिन्याच्या खर्चाला हातात नसते, एवढं धरून चाला.

घासाघीस होणारच. आपण भाजीवाल्याशी करतो, गिऱ्हाईक आपल्याशी करणार. उत्तर एकच ठेवा: रेट कमी करायचा नाही, काम कमी करायचं. "साडेदहा जास्त होतात" म्हणाले तर, "चालेल डॉक्टर, मग पोस्ट काढून टाकू, साडेआठमध्ये बसेल." आठ पोस्टचे सव्वापाच तास होते, म्हणून दोन हजार कमी झाले. दोन हजार हवेतून आले नाहीत, वहीतून आले, हे समोरच्याला जाणवतं. नुसतंच "बरं, साडेआठ द्या" म्हणालात तर तो पुढच्या महिन्यात साडेसात म्हणेल.

जुन्या गिऱ्हाइकाचा रेट वाढवायचा असेल तर एप्रिलची वाट बघा, दीड महिना आधी कळवा, आणि आधी नव्या गिऱ्हाइकावर नवा रेट लावून बघा. मेसेज असा: "नमस्कार सर, १ एप्रिलपासून आपल्या कामाचं पॅकेज १०,५०० ऐवजी ११,५०० राहील. गेल्या वर्षभरात महिन्याच्या अपॉइंटमेंट १५० वरून १९० झाल्या आहेत, त्याचा तक्ता सोबत पाठवते." महागाई वाढली, मुलाची फी वाढली हे लिहू नका. ते तुमच्या घरचं आहे. तक्ता त्यांच्या घरचा आहे.

ओळखीतल्या लोकांचं काय, हे विचारणार आहातच. भावोजींच्या ऑफिसचं काम, शेजारच्या काकांचा क्लास. एकतर पूर्ण रेट, नाहीतर पूर्ण फुकट, तेही वर्षातून एकदा, तारीख ठरवून. अर्ध्या रेटचं गिऱ्हाईक सगळ्यात जास्त फोन करतं.

आणि "आधी आठवडाभर फुकट करून दाखवा" म्हणणाऱ्याला पैसे घेऊनच आठवडा द्या. पॅकेजचा चौथा भाग, आपल्या उदाहरणात २,६००, आधी यूपीआयने. आवडलं तर पहिल्या महिन्याच्या बिलात वजा करू असं सांगा. सात दिवसांत १५० पैकी ३५-४० आठवणींचं काम होतं, त्याची यादी शनिवारी पाठवा: किती फोन, किती पेशंट आले, किती वेळा तारीख बदलली. सोमवारी सकाळी स्वतःहून विचारू नका, दुपारपर्यंत थांबा. त्यांचा फोन नाही आला तर संध्याकाळी एक मेसेज टाका, आणि वहीतलं पुढचं नाव काढा.